हर्णैची वाळू, चिखलीचे पाणी

चिखलीचे पाणी कोकणात जात नाही. आमच्या वस्तीमागच्या ओढ्यातून पावसाळ्यात जे काही वाहून येते ते इंद्रायणीत पडते. इंद्रायणी आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. आम्ही मात्र सुट्टी लागली की पाण्याच्या उलट्या दिशेने, पश्चिमेला निघतो, कारण मुलांचे आजोळ दापोली तालुक्यात आहे. या वेळच्या प्रवासात समजले की दोन टोकांची ही दोन पाणी आम्हांला वाटतात तितकी परकी नाहीत.

आधी चिखलीविषयी. टाळगाव चिखली हे तिचे जुने नाव, वारकऱ्यांच्या तोंडी ते अजून आहे. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि शेतांच्या बांधांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांतून निघालेला पत्रा, प्लॅस्टिक, बॅरल, लाकडी खोकी, सारे कुदळवाडीत येऊन पडत असे. उत्तर प्रदेशातून आलेल्या आपल्या कितीतरी भावांनी या भंगारावर घरे चालवली, मुले शिकवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. त्या दिवसांविषयी लिहायचे तर वेगळा लेख लागेल. आज सांगायचे आहे ते हातांविषयी. चिखलीत ज्याचा हात कधी कापला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. भंगारवाल्याचा पत्र्याने, खाटकाचा सुरीने, वर्कशॉपमधल्या पोराचा बुरीने, घरातल्या बाईचा विळीने. त्यावर हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि कामाला लागायचे, ही इथली रीत.

हर्णैतही हीच रीत आहे, फक्त पत्र्याच्या जागी माशाचा काटा.

जुम्म्याची नमाज आटोपून निघालो. चांदणी चौक, पौड, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव. घाट उतरला की हवा अंगाला चिकटू लागते आणि मुले खिडक्या उघडतात. लोणेरेवरून आत वळून गोरेगाव, आणि मग आंबेत. हे बॅरिस्टर अंतुले यांचे गाव. १९८० ते १९८२ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इथे सावित्रीच्या खाडीवरच्या पुलावर आम्ही नेहमी दोन मिनिटे थांबतो. पलीकडे रत्नागिरी जिल्हा, मंडणगड, दापोली आणि मग उतारावरून खाली दिसणारे हर्णैचे बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

हर्णै बघायचे तर संध्याकाळी बघावे. होड्या किनाऱ्यापासून दूर उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते, आणि तिथेच, ओल्या वाळूत, लिलाव सुरू होतो. कोळंबीचे ढीग, बांगड्यांच्या टोपल्या, वेगळी मांडलेली पापलेटे, एखादी हातभर सुरमई. बोली लावणाऱ्या बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा मोठा. या किनाऱ्यावर कोळी आहेत, भोई आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी दालदी मुस्लिम कुटुंबेही आहेत. आमचे मामू त्यांतलेच. वय सत्तरीकडे झुकलेले, अजून होडीवर जातात. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेऱ्यात पूर्ण वाकत नाही. त्या बोटाची हकिकत पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बंदरापासून दूर, सुरूच्या बनाच्या बाजूला चालत गेलो. भरतीच्या रेषेवर काहीतरी काळसर पडले होते. मुलांना आधी टायर वाटला. जवळ गेल्यावर दिसले ते पाच फुटांच्या आतबाहेरचे, गोल डोक्याचे, पाठीवर पर नसलेले जनावर. डोळा मिटलेला, तोंडाजवळ जाळ्याच्या दोरीचे वळ. डॉल्फिनचाच नातलग हा, बिनपराचा पॉरपॉइज. आपल्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात तो राहतो आणि जाळ्यात अडकला की श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरून मरतो. तो मासा नव्हे. त्याला फुप्फुसे असतात, मादी पिलाला दूध पाजते. धाकटीने विचारले, हजरत यूनुस (अलै.) यांना गिळणारा तो हाच का? मोठ्याने तिला सांगितले की यात तूसुद्धा मावणार नाहीस. आणि हात लावायला वाकला.

“हात नको लावू रे!” मामू लांबूनच ओरडले. त्यांचा आवाज एरवी चढत नाही.

वन विभागाच्या हेल्पलाइनला, १९२६ या क्रमांकावर, फोन केला. दोन तासांनी वनरक्षक आणि गावातली दोन माणसे आली, हातात रबरी मोजे आणि तोंडाला फडके. मोजमाप घेतले, फोटो काढले, भरतीच्या रेषेच्या वर खोल खड्डा करून चुना टाकून पुरले. तेवढा वेळ मामूंचे काम एकच होते, कुत्री आणि पोरे लांब ठेवणे. ते करता करता त्यांनी आपल्या बोटाची गोष्ट सांगितली.

तीसेक वर्षांपूर्वी शिंगाळ्याचा काटा बोटात गेला. शिंगाळ्याचा काटा विषारी, दुखणारच, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. तीन दिवसांनी बोट जांभळे-लाल झाले, कडेला रेघ मारल्यासारखी सूज, आत आग आणि खाज. गावात यावर भाजलेला कांदा बांधतात, तो बांधला. सूज उतरेना. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बोट पाहिल्याबरोबर विचारले, “मासळीचे काम करता ना?” पेनिसिलिनची इंजेक्शने दिली आणि आठवड्यात उतार पडला. सांधा मात्र तेवढा आखडला तो आखडलाच.

त्या जंतूचे नाव लांबलचक आहे, एरिसिपेलोथ्रिक्स. तो माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात राहतो, डुकरांत राहतो, पक्ष्यांत राहतो, आणि डॉल्फिनलाही होतो. डॉल्फिनमध्ये त्याचे दोन प्रकार दिसतात. एकात कातडीवर चौकटीच्या आकाराचे चट्टे उठतात. दुसऱ्यात काही कळायच्या आत रक्तात विष भिनून जनावर मरते. परदेशांतल्या मत्स्यालयांत धडधाकट दिसणारे डॉल्फिन या जंतूने एका रात्रीत गेले आहेत. म्हणून तिथे त्यांना लसही टोचत आले आहेत. माणसात तो बहुधा बोटातच थांबतो, पण क्वचित रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत पोचतो, आणि मग प्रकरण जिवावर बेतते. जुन्या काळी देवमासे मारणाऱ्या जहाजांवर चरबी सोलणाऱ्यांच्या बोटांना हे इतके व्हायचे की त्या दुखण्याला देवमाशाच्याच नावाने ओळखत. आता हे वाचा आणि चिखलीतल्या खाटकाच्या दुकानाकडे पाहा. तोच जंतू, तेच बोट. फरक इतकाच की हर्णैच्या डॉक्टरला विचारावेसे वाटले, कारण त्याच्याकडे रोज मासेमारीवालेच यायचे.

विचारण्याला महत्त्व का, हे उत्तरेकडच्या सील पकडणाऱ्यांच्या गोष्टीतून चांगले कळते. सील हा बर्फाळ समुद्रातला प्राणी. त्याचे कातडे सोलताना, किंवा तो चावला तर, बोट असेच सुजते आणि सांधा झिजतो. लोक त्याला ‘सीलचे बोट’ म्हणत. त्यावर पेनिसिलिन देऊन काही होत नसे, आणि पूर्वी कित्येकांनी वेदनेपायी बोट कापून घेतले आहे. कारण हा जंतू वेगळा, मायकोप्लाझ्मा. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीवर घाव घालते, आणि याला भिंतच नसते. टेट्रासायक्लिन दिले की बरे वाटते. दिसायला बोट सारखेच, औषध मात्र दुसरे. डॉक्टरला बोट दाखवून भागत नाही. त्या बोटाने काय धरले होते तेही सांगावे लागते.

आता ताप घेऊ. इथे समुद्रापेक्षा आमच्या अंगणातली बकरी जास्त जवळची आहे.

१८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू शोधला. तो कुठून येतो हे कळायला पुढे अठरा वर्षे लागली. थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने १९०५ मध्ये दाखवून दिले की तो बेटावरच्या शेळ्यांच्या दुधातून येतो. ब्रूसच्या नावावरून जंतूला ब्रुसेला म्हणू लागले. शेळीत, मेंढीत, गायी-म्हशीत तो गर्भ पाडतो. माणसात चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणे, महिनोन्‌महिने अशक्तपणा. बराच काळ सर्वांची समजूत होती की हा जमिनीवरच्या जनावरांचा रोग. १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सील-पॉरपॉइजमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या एका डॉल्फिनच्या पडलेल्या गर्भात ब्रुसेला सापडला आणि ती समजूत मोडली. २००७ मध्ये त्यांना स्वतंत्र नावे मिळाली, डॉल्फिन-देवमाशांचा ब्रुसेला सेटी आणि सीलचा ब्रुसेला पिनिपेडियालिस. डॉल्फिनमध्ये हा जंतू मेंदूला सूज आणतो, सांधे कुजवतो आणि वारेत व गर्भात भरभरून वाढतो. मेंदू सुजलेला डॉल्फिन दिशा चुकून किनाऱ्याला लागतो. म्हणजे वाळूवर जिवंत येऊन पडलेले जनावर बहुधा आजारीच असते, हे धरून चालावे.

माणसाला हा समुद्री ब्रुसेला लागल्याच्या जगातल्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एकाला झाला. पेरूमधल्या दोघांच्या मेंदूत गाठी झाल्या, न्यूझीलंडमध्ये एकाच्या मणक्यात तो शिरला. लक्षात घ्यावे असे हे की पेरू आणि न्यूझीलंडमधल्या तिघांचाही डॉल्फिनशी किंवा सीलशी थेट संबंध आला नव्हता. तेव्हा किनाऱ्यावर डॉल्फिन दिसला की घाबरून पळत सुटण्याचे कारण नाही. भीती वाटायचीच तर ती दुसऱ्या ठिकाणी वाटावी, आणि तिथे नेमकी कोणाला वाटत नाही.

चिखलीत बकरी ईदच्या आधी दोन-तीन महिने कितीतरी घरांत बकरे बांधलेले असतात. काहींकडे वर्षभर शेळ्या असतात. शेळी व्याली की घरातली बाई उघड्या हाताने पिलू ओढते, वार उचलून उकिरड्यावर टाकते. गर्भ पडला तर तोही. वारेत जंतू सर्वांत जास्त, हे जसे डॉल्फिनचे तसेच शेळीचे. मग दोन महिन्यांनी ताप येतो. आमच्या ओळखीत एक कुरेशी भाई आहेत. त्यांना चार महिने ताप येत-जात होता. टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, मलेरिया म्हणून झाल्या, कोणीतरी क्षयाचाही संशय घेतला. उतारावर आलेला ताप पाहून त्यांनी दोनदा काम सुरू केले आणि दोनदा पडले. पाचव्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, “चाचा, जनावरांचे काम करता का?” रक्ताची वेगळी तपासणी झाली, ब्रुसेला निघाला. दोन औषधे, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता. त्यांची बेगम सांगत होत्या की गोळ्यांपेक्षा आधीच्या चार महिन्यांचा खर्च जास्त झाला, आणि दुकान बंद राहिले ते वेगळेच. गायी-म्हशींच्या लहान कालवडी-रेड्यांना या रोगाची लस सरकारी कार्यक्रमात टोचली जाते. शेळीवाल्याने मात्र आपली काळजी आपणच घ्यावी. व्यायच्या वेळी हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची जाड पिशवी, वार खोल पुरायची, दूध उकळल्याशिवाय प्यायचे नाही. कच्चे धारोष्ण दूध ताकद देते असे सांगणारे बुजुर्ग आमच्याही घरात आहेत. त्यांचा मान ठेवून आम्ही दूध उकळतो.

आणि तिसरे, पाणी. मामूंकडे त्या रात्री हाच विषय निघाला, कारण हर्णैच्या लोकांना वाटते की रोगराई शहरात असते, आणि चिखलीच्या लोकांना वाटते की समुद्रातून येते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह नावाचा सीलचा भाऊबंद राहतो. १९७० पासून दर काही वर्षांनी तिथे त्यांच्यात साथ येते. आजारी समुद्रसिंह वाळूवर येऊन पडतो, पुढचे पंख पोटावर दुमडून घेतो, आणि एरवी कधी पाणी न पिणारा हा प्राणी दिसेल त्या डबक्यातले पाणी पिऊ लागतो. त्याच्या मूत्रपिंडाची चाळण झालेली असते. जंतूचे नाव लेप्टोस्पायरा. मेलेल्या जनावरांची चिरफाड करणाऱ्यांना त्याची लागण झाल्याचीही नोंद आहे. हे नाव आपल्या ओळखीचे आहे. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत ज्या ‘लेप्टो’ने माणसे गेली, तो हाच. तिकडे समुद्रसिंहाच्या लघवीतून पसरतो, इकडे उंदीर-घुशींच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या. साचलेल्या पाण्यात, चिखलात तो दिवसच्या दिवस तग धरतो आणि पायाच्या भेगेतून, हाताच्या कापातून, डोळ्यांतून आत शिरतो.

आता चिखलीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पाडलेल्या शेडच्या जागी राडारोडा, त्यात साचलेले पाणी, बॅरलच्या बुडाशी साचलेले पाणी, उघड्यावर पडलेल्या भंगारात घुशींची बिळे. पावसाळ्यात इंद्रायणी फुगली की नाले उलटे वाहतात आणि हे सारे पाणी घरात घोट्यापर्यंत येते. त्यात पत्रा उचलायला उतरणारा पोरगा अनवाणी असतो किंवा स्लिपरवर, आणि त्याचा हात काल कापलेला असतो. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेतली जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत योग्य औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला, कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली, की मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धोक्यात. गुडघाभर पाण्यात उतरावे लागले आणि अंगावर जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्सीसायक्लिनबद्दल विचारावे. गमबूटाची जोडी काही शे रुपयांत मिळते. ज्या मालकाकडे पोरे कामाला आहेत, त्याच्या जिम्मे ती आहे असे आम्ही मानतो.

मामू हे ऐकून म्हणाले, “म्हणजे तुमचीच घाण आमच्याकडे येते.” ते चेष्टेत बोलले, पण अमेरिकेतल्या अभ्यासकांनी जवळपास हेच सिद्ध केले आहे. फ्लोरिडात इंडियन रिव्हर नावाची खाडी आहे. तिथल्या डॉल्फिनची तपासणी २००३ ते २०१५ अशी बारा वर्षे चालली. १७१ डॉल्फिनच्या अंगातून ७३३ जंतू वेगळे केले, आणि त्यांतले ८८ टक्के निदान एका प्रतिजैविकाला दाद देत नव्हते. डॉल्फिन काही दवाखान्यात जाऊन गोळ्या खात नाही. अर्धवट सोडलेले कोर्स, कोंबड्यांच्या खाद्यातली औषधे, दवाखान्यांचे आणि घरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी हे सगळे नद्यांवाटे समुद्रात गेले, आणि औषधाला हटकणारे जंतू त्या मुक्या जनावराच्या अंगात जाऊन बसले. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चिखलीचा ओढा हर्णैला जात नाही हे खरे, पण कुठल्या तरी मामूंच्या किनाऱ्याला तो जातोच.

देवमासा किनाऱ्याला लागला की आपल्याकडे जत्रा भरते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा जिवंत येऊन अडकला आणि वाळूतच मेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला मेलेला देवमासा आला, तेव्हा त्याच्यासोबत फोटो काढायला झुंबड उडाली. शेवटी तो किनाऱ्यावरच पुरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू लागले. वन विभाग, स्थानिक मच्छीमार, सगळ्यांनी मिळून चाळीसेक तास खपून त्याला खोल पाण्यात नेले. पण ते परत आले ते मेलेलेच. त्या लोकांच्या माणुसकीला सलाम करावा तेवढा थोडा. मात्र घरच्या मुलांना एवढे सांगून ठेवावे की फोन आधी, पाय मागे. जिवंत जनावर असेल तर त्याच्या डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी ओतायचे नाही आणि त्यासमोर तोंडही न्यायचे नाही, कारण त्याच्या उच्छ्वासाच्या फवाऱ्यात जंतू असतात. शेपटीला धरून ओढायचे नाही. मेलेले असेल तर काठीनेही टोचायचे नाही, आत कोंडलेल्या वायूने पोट फुगलेले असते. हात लागलाच तर साबणाने धुवायचा. वुजूने पाकी होते, पण जंतूला साबणच लागतो.

राहिला खाण्याचा प्रश्न. तो आमच्याकडे दरवेळी निघतो, कारण आमच्या घरात दोन्ही मते नांदतात. कोकणातले आमचे नातलग शाफई, चिखलीच्या मशिदीतली बहुतेक जमात हनफी. शाफई मतात समुद्रातली मेलेली वस्तूही हलाल होण्याला वाव मोठा आहे, हनफी मतात समुद्रातले मासेच, आणि आपोआप मरून तरंगणारा मासाही वर्ज्य. मामू अशा वेळी हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग काढतात. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली सुमारे तीनशे सहाबा समुद्राकडच्या मोहिमेवर होते. शिधा संपला, माणशी एक खजूर उरला, मग झाडांची पाने झोडून खाल्ली. तेव्हा समुद्राने ‘अंबर’ नावाचा प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला. अबू उबैदा (रजि.) आधी कचरले, मेलेले आहे म्हणून. मग उपाशी लोकांची मजबुरी पाहून त्यांनी परवानगी दिली. त्याची बरगडी उभी केली तर खालून उंटावरचा स्वार गेला. मदीनेला परतल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यातले उरलेले मागवून घेतले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हा प्रसंग आहे.

यावरचा मसला आलिमांनी सांगावा, तो आमचा अधिकार नाही. आपल्यापुरते उत्तर सोपे आहे. आम्ही उपाशी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात देवमासे, डॉल्फिन, पॉरपॉइज वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत आहेत. मांस तर सोडाच, अत्तरासाठी ज्याची चोरटी विक्री होते तो अंबरही जवळ बाळगणे गुन्हा आहे, आणि त्यापायी पिंपरी-चिंचवडमध्येसुद्धा माणसे पकडली गेली आहेत. आणि त्याच अबू उबैदा (रजि.) यांची पुढची हकिकत मामूंना आम्ही आठवून दिली. हिजरी १८ मध्ये शाममध्ये अमवासचा प्लेग पसरला. हजरत उमर (रजि.) वाटेतच, सर्ग येथे, ही खबर ऐकून सल्लामसलत करून मागे फिरले. अबू उबैदा (रजि.) यांना ते फिरणे तकदीरपासून पळण्यासारखे वाटले. उमर (रजि.) यांनी समजावले की हे एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जाणे आहे. अबू उबैदा (रजि.) आपल्या लोकांसोबत राहिले आणि त्याच साथीत गेले. साथीच्या गावात शिरू नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही शिकवण त्याच मुक्कामात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सर्वांना सांगितली होती. प्लेगही जंतूचाच रोग. उंदरांच्या पिसवांतून येणारा.

मामू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जाळ्याचा विषय काढला. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. आधी असे जनावर मेल्यावर होडीत ओढून घ्यावे लागे, दोन-तीन माणसे उघड्या हातांनी त्याच्याशी झटत, दात लागत, रक्त उडे. आता पाण्यातच दोरी कापायची आणि ते जाऊ द्यायचे, म्हणजे त्याचाही जीव वाचतो आणि आपलाही हात.

“ते सगळे ठीक,” मामू म्हणाले, “पण एका हातात सुरी, एका हातात जाळे. फोन धरायला तिसरा हात कुठून आणू?” तेव्हापासून त्यांचा नातू सुट्टीत होडीवर जातो. त्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन असतो, आणि हातांत आम्ही चिखलीहून पाठवलेले, वर्कशॉपमध्ये वापरतात ते जाड रबरी मोजे.